दुतोंड्या मारुती आणि आलेखावरचे जीबी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर एकही आकडा कोरलेला नाही, तरी ही मोजपट्टी शाळकरी पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना वाचता येते. तिच्या खुणा माणसाला उमजतील अशा ठिकाणी आहेत.

आता २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्तानं शहरात कॅमेरे, सर्व्हर, साठवणूक यांच्या गोष्टी रोज कानावर पडतात. त्या गोष्टी आलेखांतून मांडल्या जातात, आणि तिथे गाडी अडते. आलेखाच्या डाव्या कडेला २००००००००००, ४०००००००००० अशी शून्यांची माळ असते, किंवा १८.६३ जीबी, ३७.२५ जीबी, ५५.८८ जीबी असे विचित्र आकडे. रेषा बरोबर असते, माहितीही बरोबर असते, पण वाचणारा कडेवरच अडखळतो. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते पायरीपायरीनं पाहू.

बाइट, आणि त्याच्या पुढे लागणारे उपसर्ग

संगणकातली सगळ्यात छोटी माहिती म्हणजे बिट: शून्य किंवा एक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. फाइल, फोटो, व्हिडिओ यांचा आकार बाइटमध्ये मोजतात. बाइट फारच लहान असल्यामुळे त्याला उपसर्ग लावतात. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. केबी, एमबी, जीबी, टीबी ही त्यांची रोजची नावं.

यात मराठी वाचकाची एक खास अडचण आहे. आपले स्वल्पविराम हजारानंतर लाख, कोटी असे दोन-दोन अंकांनी पडतात. उपसर्ग मात्र दर तीन अंकांनी बदलतो. त्यामुळे ४३,२०,००,००,००० बाइट असं नीट स्वल्पविराम देऊन छापलं तरी ते ४३.२ जीबी आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. चार हजार तीनशे वीस कोटी, त्याला शंभर कोटींनी भागा, मग उत्तर. हा भागाकार वाचणाऱ्यावर टाकू नये, आलेख करणाऱ्यानंच करून द्यावा.

वर्तमानपत्रं हे पाण्याच्या बाबतीत कधीपासून करतात. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट किंवा ५.६३ टीएमसी अशी छापली जाते. ५,६३,००,००,००० घनफूट असं कुणी लिहीत नाही.

धरणातलं पाणी आणि पात्रातलं पाणी

साठा टीएमसीत मोजतात, विसर्ग क्युसेकमध्ये. एक किती आहे ते सांगतं, दुसरं दर सेकंदाला किती वाहतंय ते. ११,५७४ क्युसेकनं अखंड चोवीस तास पाणी सोडलं, तर साधारण एक टीएमसी होतं.

डेटाचंही तसंच आहे, फक्त एक गाठ जास्त आहे. साठा बाइटमध्ये मोजतात, पण इंटरनेटचा वेग बिटमध्ये. ‘१०० एमबीपीएस’चं कनेक्शन म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजेच १२.५ मेगाबाइट. एक जीबीची फाइल त्यावर उतरायला सगळं सुरळीत असेल तरी ८० सेकंद लागतात, दहा नव्हे. इंग्रजी चिन्हांत छोटा ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. अक्षावर ते एक अक्षर चुकलं की आलेख आठपट चुकतो. त्यामुळे लेबलाला हात लावण्याआधी आकडे बिटचे आहेत की बाइटचे, साठ्याचे आहेत की वेगाचे, हे स्तंभाच्या शीर्षकावर विसंबून न राहता मूळ यंत्रणेत तपासावं.

हजार की एक हजार चोवीस?

संगणकाची स्मृती दोनच्या पटीत वाढते: २, ४, ८, १६ असं करत दहाव्या पायरीला १०२४. हा आकडा हजाराच्या इतका जवळ आहे की सुरुवातीच्या लोकांनी त्यालाच ‘किलो’ म्हणून टाकलं. किलोपुरतं ते चालून गेलं, कारण फरक फक्त २.४ टक्के. पण प्रत्येक उपसर्गाबरोबर फरक साठत जातो: मेगाला ४.९ टक्के, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के.

दुकानातून आणलेली एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती यामुळेच. डिस्क बनवणारा १००० अब्ज बाइट मोजून देतो. विंडोज त्याच बाइटना १,०७,३७,४१,८२४ म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ नं भागतं, आणि उत्तरापुढे तरीही ‘जीबी’ लिहितं. दुकानदारानं फसवलेलं नसतं आणि डिस्कचा कोपराही कुणी खाल्लेला नसतो. मॅकनं २००९ पासून हजारानं भागायला सुरुवात केली, म्हणून तिथे तीच डिस्क एक टीबी दिसते. जुनी ‘१.४४ एमबी’ची फ्लॉपी तर याहून गोंधळाची. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत. हजाराच्या हिशेबानं ते १.४७ होतात, १०२४च्या हिशेबानं १.४१. १.४४ हा आकडा त्या बाइटना एकदा हजारानं आणि एकदा १०२४नं भागून आला होता.

पूर्वी मण हे माप गावोगाव वेगवेगळं भरत असे. १९५६च्या कायद्यानं देशभर किलो आला आणि तो वाद मिटला. इथेही तसा प्रयत्न झाला. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं १९९८ मध्ये १०२४च्या मापांना स्वतंत्र नावं दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. चिन्हांत मधे एक ‘आय’ येतो: जीबी म्हणजे शंभर कोटी, जीआयबी म्हणजे १०२४चा तिसरा घात. नावं कानाला ओबडधोबड लागतात हे खरं. पण दोन मापांना दोन नावं असणं इतकं मोलाचं आहे की ती वापरायलाच हवीत.

व्यवहारात विभागणी अशी: डिस्क, पेनड्राइव्ह आणि नेटवर्कचा वेग हजाराच्या हिशेबात, रॅम १०२४च्या, ऑपरेटिंग सिस्टिम कुठे अशी, कुठे तशी. सर्वसामान्य वाचकासाठी आलेख असेल तर हजाराचा हिशेब घ्यावा. रॅमचा किंवा १०२४मध्ये मोजणाऱ्या यंत्रणेचा असेल तर १०२४चा घ्यावा आणि लेबलात तो ‘आय’ न चुकता लिहावा.

सात-दहा टक्क्यांनी काय बिघडतं?

आकृती पाहून अंदाजच घ्यायचा असेल तर फारसं काही नाही. पण आलेख पाहून खरेदी होते, तिथे बिघडतं. एक हिशेब करून पाहू. समजा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो, म्हणजे अर्धा मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून दिवसाला ४३.२ जीबी. तीस दिवस चित्रीकरण जपायचं तर १.२९६ टीबी. असे शंभर कॅमेरे असतील तर १२९.६ टीबी.

आता हेच बाइट कुणी १०२४नं भागून काढले तर उत्तर येतं ११७.८७, आणि अक्षावर त्यापुढे सवयीनं ‘टीबी’ लिहिलं जातं. आलेख पाहणारा दहा-दहा टीबीच्या बारा डिस्क मागवतो. १२० टीबी आहेत, ११७.८७ लागणार आहेत, दोन टीबी वर उरतील असं त्याला वाटतं. डिस्क मात्र हजाराच्या हिशेबानं विकली जाते. प्रत्यक्षात ९.६ टीबी कमी पडतात, म्हणजे शंभर कॅमेऱ्यांचं सव्वादोन दिवसांचं चित्रीकरण. जागा भरली की रेकॉर्डर सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. पर्स हरवल्याची तक्रार घेऊन कुणी एकोणतिसाव्या दिवशी आलं, तर पर्स हरवली त्या दिवसाचं चित्रीकरण पुसलं गेलेलं असेल. (एखादी डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून लागणाऱ्या जादा डिस्क या हिशेबात धरलेल्याच नाहीत.)

खुणा आधी, लेबलं नंतर

आता मुख्य मुद्दा. अक्षावरच्या छोट्या रेघांना टिक म्हणतात. आपण खुणा म्हणू. आलेख काढणारं बहुतेक सॉफ्टवेअर आकड्यांची किमान-कमाल पाहून पाच-सात खुणा कुठे पाडायच्या ते स्वतः ठरवतं. त्याची गोल आकड्याची समज दहाच्या पायावरची असते: १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी. आकडे बाइटमध्ये असतील तर खुणा ५० कोटी, १०० कोटी, १५० कोटी, २०० कोटी अशा पडतात.

नंतर त्या खुणांवर आपण ‘बाइटचं वाचनीय रूप’ देणारं एखादं सूत्र चढवतो, आणि ते सूत्र १०२४नं भागणारं निघतं. मग लेबलं अशी येतात: ४७६.८ एमआयबी, ९५३.७ एमआयबी, १.४ जीआयबी, १.९ जीआयबी. प्रत्येक लेबल गणिताला धरून आहे, पण अक्ष वाचण्यासारखा राहिलेला नाही. गोदापात्रात आधी कुठेही रेघा मारायच्या आणि मग त्यांना ‘गुडघ्याच्या वर साडेतीन बोटं’ अशी नावं द्यायची, तसं हे झालं. लेबलाचे दशांश कमी-जास्त करून ते दुरुस्त होत नाही, कारण खूणच भलत्या जागी पडलेली असते.

उपाय तीन आहेत. पहिला आणि सोपा: हजाराचाच हिशेब ठेवा. ५० कोटींची खूण आपोआप ५०० एमबी होते, १०० कोटींची १ जीबी.

दुसरा: १०२४ हवेच असतील तर आकडे आलेखाला देण्याआधीच १०२४च्या तिसऱ्या घातानं भागा. मग सॉफ्टवेअरला ०.४, १.३, १.८ असे छोटे आकडे दिसतात आणि ते ०, ०.५, १, १.५, २ अशा खुणा पाडतं. लेबलाला फक्त ‘जीआयबी’ जोडायचं उरतं.

तिसरा: खुणांमधलं अंतर स्वतः ठरवा. २५६ मेबीबाइट म्हणजे २६,८४,३५,४५६ बाइट. तेवढं अंतर ठेवलं की खुणा २५६, ५१२, ७६८ आणि बरोबर १ जीआयबी अशा येतात. इथे एक पाय घसरण्याची जागा आहे. आकडे मेबीबाइटमध्ये आणून अंतर सॉफ्टवेअरवर सोडलं तर खुणा २००, ४००, ६००, ८००, १०००, १२०० अशा पडतात. त्यातल्या १०००ला लोक एक जीआयबी समजतात, जो खरं तर पुढे १०२४वर आहे. आणि सूत्र आपोआप एकक बदलणारं असेल तर १०००नंतर थेट १.१७ जीआयबी उमटतं.

एका अक्षाला एकच एकक

५०० एमबी, १ जीबी, १.५ जीबी अशी मिसळ बरीच सॉफ्टवेअर आपणहून करतात. फाइलींच्या यादीत ते योग्य आहे, कारण तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचली जाते. अक्षावर मात्र डोळा खुणांमधलं अंतर मोजत वर चढतो, आणि ५००नंतर १ दिसलं की तो थबकतो. सगळ्यात मोठ्या खुणेला शोभेल ते एकक निवडा आणि खालपर्यंत तेच ठेवा: ०.५ जीबी, १.० जीबी, १.५ जीबी. एकक शीर्षकात एकदाच लिहिलं, ‘साठवलेला डेटा, जीबीमध्ये’, तर लेबलावर नुसता आकडा पुरतो.

याला एक अपवाद आहे. काही फाइली केबीच्या आणि काही जीबीच्या असतील तर साध्या अक्षावर लहान फाइली तळाला चिकटून दिसेनाशा होतात. तिथे लॉग अक्ष घ्यावा, म्हणजे असा अक्ष की ज्यावर प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या ठरावीक पट असते. खुणा १ केबी, १ एमबी, १ जीबी अशा हजारपटींवर ठेवल्या की वेगवेगळी एककंच वाचायला सोपी पडतात. लॉग अक्षावर शून्याला जागा नसते, त्यामुळे रिकाम्या फाइली वेगळ्या मोजून सांगाव्या लागतात.

दशांश किती ठेवायचे?

ते खुणेच्या आकड्यावर नव्हे, दोन खुणांमधल्या अंतरावर ठरवा. अंतर ५० असेल तर दशांश नको. ०.५ असेल तर एक. ०.२५ असेल तर दोन. ०.२५च्या अंतराला दशांशच ठेवला नाही, तर पाच खुणांवर ०, ०, १, १, १ असं काहीतरी छापलं जातं. एक ठेवला तर ०.३, ०.५, ०.८ असे पुढे-मागे सरकलेले आकडे येतात. आलेखात एकच लेबल दोनदा दिसलं की कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

पूर्णांकन आणि एकक यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. ९,९९,९९९ बाइट केबीत ९९९.९९९ होतात आणि एका दशांशावर आणले की १०००.० केबी. छापायला हवं होतं १.० एमबी. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१० मध्ये दिलेल्या जावा भाषेतल्या एका उत्तरात नेमकी ही चूक होती. प्रोग्रामचा तो तुकडा गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या असंख्य प्रकल्पांत उतरवला गेला, आणि लिहिणाऱ्यानं स्वतःच २०१९ मध्ये चूक जाहीर करून दुरुस्ती दिली. म्हणून आधी पूर्णांकन करावं, उत्तर हजाराला पोहोचलं तर पुढच्या एककावर जावं. एकक शोधण्यासाठी लॉगरिदमही वापरू नये. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हजाराचा दहाच्या पायावरचा लॉग साध्या लॉग फंक्शनला पाया देऊन काढला तर ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, पूर्णांक भाग घेतला की हाती दोनच राहतात. आकडा हजाराखाली येईपर्यंत भागत राहणं हेच भरवशाचं.

सॉफ्टवेअर हे आपोआप करत नाही का?

अर्धंमुर्धं करतं. कोणतं अर्धं, ते माहीत असावं.

एक्सेलमध्ये अक्षावर उजवं क्लिक करून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडा. ‘डिस्प्ले युनिट्स’मध्ये ‘बिलियन्स’ निवडलं की बाइटचे थेट जीबी होतात. एक्सेलनं स्वतःहून जोडलेलं ‘बिलियन्स’ हे लेबल काढून शीर्षकात जीबी लिहा. १०२४चा पर्याय तिथे नाही. आकड्याच्या फॉरमॅटमध्ये शून्यानंतर दिलेला प्रत्येक स्वल्पविराम हजारानंच भागतो, त्यामुळे तिथूनही १०२४ साधत नाही. शेजारी एक स्तंभ घालून भागाकार करावा आणि आलेख त्या स्तंभावर काढावा. खुणांमधलं अंतर ‘युनिट्स’खालच्या ‘मेजर’ या चौकटीत भरता येतं.

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या साधनात काहीच सांगितलं नाही तर अक्षाच्या टोकाला बारीक अक्षरांत ‘१ई९’ उमटतं, म्हणजे सगळे आकडे शंभर कोटींनी गुणून वाचा. त्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. ‘इंजिनिअरिंग फॉरमॅटर’ला बाइटचं एकक दिलं तर हजाराच्या हिशेबानं उपसर्ग लागतात, पण खुणेगणिक वेगळे. १०२४ हवे असतील तर ‘मल्टिपल लोकेटर’ला २६,८४,३५,४५६ सारखं अंतर द्यावं आणि लेबलाचं सूत्र स्वतः लिहावं. वेबपानांवर आलेख काढणाऱ्या डी-थ्रीमध्ये अक्षाच्या खुणांसाठी ‘एस’ प्रकार मागितला की सगळ्यात मोठ्या आकड्याला साजेसा एकच उपसर्ग सगळीकडे लागतो, ही त्याची फार चांगली सोय आहे. हिशेब मात्र हजाराचाच. सांख्यिकीसाठी वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेच्या स्केल्स पॅकेजमध्ये बाइटसाठी वेगळं लेबल-सूत्र आहे. ते मुळात हजारानं भागतं, सांगितलं तर १०२४नं.

लेबलं मराठीत असतील तर

देवनागरीत मोठं आणि छोटं अक्षर हा भेद नाही. ‘एमबी’ लिहिलं की ते मेगाबिट आहेत की मेगाबाइट हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून वेगाच्या आलेखावर ‘मेगाबिट प्रतिसेकंद’ असं पूर्ण लिहावं आणि एमबी, जीबी ही लघुरूपं फक्त बाइटसाठी ठेवावीत. जीआयबीही पुष्कळांना छपाईची चूक वाटते; आलेखाखाली ‘१ जीआयबी = १०२४ एमआयबी’ एवढी ओळ दिली की पुरतं.

छापण्याची अडचण वेगळीच आहे. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नसल्यामुळे अक्षरांच्या जागी चौकोन येतात. देवनागरी फाँट दिला तरी अनेक आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ‘गिबीबाइट’मधला ‘गि’ आणि ‘प्रति’मधला ‘प्र’ दोन्ही मोडतात. केबी, एमबी, जीबी, टीबी यांत ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून ती जशीच्या तशी उमटतात. अक्षावर हीच ठेवावीत, आणि ‘मेगाबिट प्रतिसेकंद’सारखं लांब शीर्षक चित्र तयार झाल्यावर मजकुराच्या चौकटीत वेगळं टाइप करावं.